चूल एक, कणगी वेगळी: स्वीडनने युरो घ्यावा का?

१ जानेवारी १९९५ रोजी ऑस्ट्रियाबरोबर स्वीडन आणि फिनलंड हे दोन शेजारीही युरोपीय संघात दाखल झाले. दोन्ही देश उत्तरेकडचे, विरळ वस्तीचे, जंगलांनी व्यापलेले; दोघांचेही पोट कागद, लाकूड, पोलाद, यंत्रे आणि दूरसंचाराची उपकरणे परदेशांत विकण्यावर अवलंबून; दोघांकडेही बळकट कामगार संघटना आणि विस्तृत कल्याणकारी व्यवस्था. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, फिनलंडने आपला मार्क्का युरोत विलीन केला आणि स्वीडनने क्रोना स्वतःकडे ठेवला. इतक्या सारख्या दोन देशांनी इतक्या मूलभूत बाबतीत वेगळे निर्णय घ्यावेत आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्यांचे परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहता यावेत, असे अर्थशास्त्रात क्वचितच घडते. सामाईक चलनात सामील व्हावे की नाही, या प्रश्नाचा विचार करताना म्हणूनच मी ग्रीसपासून नव्हे, तर या दोन देशांपासून सुरुवात करतो.

हा प्रश्न आज पुन्हा ताजा झाला आहे. १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने युरो स्वीकारला आणि युरो वापरणाऱ्या सदस्य देशांची संख्या २१ झाली. संघात राहून युरोबाहेर असलेले देश आता सहाच उरले: स्वीडन, डेन्मार्क, पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी आणि रुमानिया. त्यांत स्वीडनची स्थिती विशेष आहे. डेन्मार्कने वाटाघाटी करून युरोपासून कायदेशीर सूट मिळवली. स्वीडनकडे अशी सूट नाही आणि करारानुसार त्याने कधी ना कधी युरो घेणे अपेक्षित आहे. परंतु युरोपूर्वी किमान दोन वर्षे ज्या विनिमय यंत्रणेत चलन बांधून ठेवावे लागते, तिच्यात शिरणे ऐच्छिक असल्यामुळे स्वीडन तिच्या उंबरठ्याबाहेरच थांबला आहे. मार्च २०२४ मध्ये दोनशे वर्षांची लष्करी अलिप्तता सोडून तो नाटोत गेला. तेव्हा संरक्षणात एकत्र आलो तर चलनातच वेगळे का राहायचे, असा युक्तिवाद त्याच्यापुढे मांडला जातो. माझे मत असे आहे की स्वीडनने आजच्या स्वरूपातील युरो घेऊ नये. क्रोनाच्या अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. ज्या घरात स्वीडनला जायचे आहे, त्या घराच्या बांधणीत एक मोठी उणीव राहिली आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी क्रोनाच्या विरोधातील सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप पाहू, कारण तो खरा आहे. स्वतःचे चलन हाती असले की राज्यकर्त्यांना आळशीपणाची सवय लागते, हा तो आक्षेप. १९७० आणि १९८० च्या दशकांत स्वीडनने हेच केले. मजुरी उत्पादकतेपेक्षा वेगाने वाढू द्यायची, माल महाग झाल्याने निर्यात अडली की क्रोनाचे अवमूल्यन करायचे, काही वर्षे दम मिळवायचा आणि पुन्हा तीच वाट धरायची. १९७६ आणि १९७७ मध्ये अवमूल्यने झाली, १९८१ मध्ये १० टक्क्यांनी आणि १९८२ मध्ये पुन्हा १६ टक्क्यांनी क्रोना खाली आणला गेला. फिनलंडमध्येही मार्क्काची हीच कथा होती. दर वेळी आयात महागून अवमूल्यनाचा फायदा महागाई खाऊन टाकी आणि कामगारांनी वाटाघाटीत मिळवलेली वाढ कागदावरच राही. अशा अनुभवातून गेलेल्या पिढीला चलन स्वतःच्या हातून काढून दूरच्या, शिस्तीच्या हाती द्यावेसे वाटले, यात नवल नाही.

स्वीडनने तसा प्रयत्न युरो येण्यापूर्वीच केला. मे १९९१ मध्ये क्रोना युरोपीय चलन एककाशी, म्हणजे अनेक युरोपीय चलने मिळून ठरणाऱ्या हिशेबी चलनाशी, एकतर्फी बांधण्यात आला. मात्र त्याच काळात घरांच्या व जमिनींच्या किमतींचा फुगा फुटत होता आणि बँका बुडीत कर्जांखाली दबत होत्या. बाजाराला हा बांध टिकणार नाही असे वाटू लागले. १६ सप्टेंबर १९९२ रोजी, म्हणजे ब्रिटनने युरोपीय विनिमय यंत्रणा सोडली त्याच दिवशी, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, रिक्सबँकेने, बँकांना एका रात्रीसाठी देण्याच्या कर्जाचा वार्षिक दर ५०० टक्के केला. क्रोना विकून पैसे कमावू पाहणाऱ्यांना तो परवडू नये, हा हेतू होता. बांध दोन महिने टिकला आणि १९ नोव्हेंबरला क्रोना बाजारावर सोडून द्यावा लागला. सलग तीन वर्षे उत्पादन घटले; १९९० मध्ये दोन टक्क्यांच्या आत असलेली बेरोजगारी १९९३ पर्यंत आठ टक्क्यांपलीकडे गेली.

या पडझडीनंतर स्वीडनने जे केले, ते या चर्चेत फार कमी वेळा सांगितले जाते. जानेवारी १९९३ मध्ये रिक्सबँकेने दोन टक्के महागाईचे उद्दिष्ट जाहीर केले. १९९५ पासून ते लागू झाले. सरकारी खर्चावर कमाल मर्यादा आल्या आणि एकूण आर्थिक चक्राच्या काळात अर्थसंकल्पात शिल्लक राखण्याचा नियम आला. मजुरीच्या वाटाघाटींत निर्यात करणाऱ्या उद्योगांनी आधी करार करावा आणि बाकीच्यांनी त्याच्या मर्यादेत राहावे, अशी पद्धत १९९७ पासून रुळली. आज स्वीडनचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे, तर मास्ट्रिक्ट कराराने युरोसाठी घातलेली मर्यादा ६० टक्क्यांची आहे आणि फिनलंडचे कर्ज ८० टक्क्यांच्या वर गेले आहे. फिनलंडच्या कर्जाला युरोच कारणीभूत आहे असे मी म्हणणार नाही; वृद्ध होत जाणारी लोकसंख्या आणि खुंटलेली वाढ ही त्याची मोठी कारणे आहेत. परंतु शिस्त ही चलनाबरोबर आयात होणारी वस्तू नाही, एवढे यातून स्वच्छ दिसते. स्वीडनने ती क्रोना हाती ठेवून कमावली. याउलट युरोत असलेल्या स्पेन आणि आयर्लंडने २००७ पर्यंत अर्थसंकल्पाचे नियम पाळले होते, दोघांच्याही खात्यात शिल्लक होती. आणि जर्मनीच्या मंद अर्थव्यवस्थेला मानवणारे स्वस्त व्याजदर तेजीत असलेल्या या दोन देशांना लागू झाल्याने तेथे घरबांधणीचा असा फुगा वाढला की फुटल्यावर दोघांनाही मदतीसाठी हात पसरावे लागले.

सप्टेंबर २००३ मध्ये स्वीडिश मतदारांसमोर प्रश्न थेट आला. त्याआधी १९९६ मध्ये अर्थतज्ज्ञ लार्स कॅल्मफोर्स यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने युरोच्या पहिल्या तुकडीत जाऊ नये, असा सल्ला दिला होता. बेरोजगारी जास्त आहे आणि सरकारी तिजोरी अजून अशक्त आहे, अशा वेळी धक्के सोसण्याचे एक साधन सोडून देऊ नये, हे तिचे म्हणणे होते. पंतप्रधान योरान पर्सन यांचे सरकार, मोठे उद्योग आणि बहुतेक वृत्तपत्रे होकाराच्या बाजूने होती. मतदानाच्या चार दिवस आधी होकाराच्या प्रचारातील अग्रणी, परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्यावर स्टॉकहोममधील एका दुकानात चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. देश शोकात असतानाही १४ सप्टेंबरला मतदान झाले. ८२ टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला आले आणि ५५.९ टक्क्यांनी नकार दिला. स्टॉकहोम परिसराने होकार दिला होता. उत्तरेकडील विरळ वस्तीच्या प्रांतांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. मला हे विभाजन महत्त्वाचे वाटते. चलनाचे सोयीस्कर फायदे, म्हणजे प्रवासात आणि व्यवहारात वाचणारा बदलाईचा खर्च, राजधानीत आधी दिसतात. चलन हाती नसल्याचा तोटा जिथे एखादीच कागदगिरणी सबंध गावाला पोसते, तिथे आधी पोचतो.

पाच वर्षांनी २००८ चे जागतिक संकट आले. दोन्ही देशांची निर्यात कोसळली. २००९ मध्ये स्वीडनचे उत्पादन चार टक्क्यांहून अधिक आणि फिनलंडचे आठ टक्क्यांच्या आसपास घटले. फरक पडला तो त्यानंतर. २००८ च्या सुरुवातीला एका युरोला साडेनऊच्या आत क्रोना पडत होते. २००९ च्या वसंतात अकराहून अधिक पडू लागले. म्हणजे कोणत्याही स्वीडिश कामगाराच्या पगाराच्या पाकिटाला हात न लावता, कोणतीही वाटाघाट न करता, स्वीडनचा माल युरोपात काही महिन्यांत स्वस्त झाला. सावरल्यावर क्रोना पुन्हा वर चढला. स्वीडनने संकटापूर्वीची उत्पादनाची पातळी दोन-तीन वर्षांत ओलांडली.

फिनलंडवर मात्र एकामागून एक आघात येत गेले. नोकिया या एकाच कंपनीवर अर्थव्यवस्थेचा मोठा भार होता. तिचा फोनचा धंदा ढासळला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. वृत्तपत्रांचा कागद खपेनासा झाला. २०१४ नंतर निर्बंध आणि तेलाच्या घसरत्या किमतींमुळे रशियाशी होणारा व्यापार आटला. यांतले एकही संकट युरोने आणलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; मार्क्का असता तरी नोकिया वाचली नसती. पण जुने उद्योग जात असताना नव्यांना पाय रोवायला जी सवलत विनिमय दर देऊ शकतो, ती फिनलंडला मिळाली नाही, कारण युरोचा दर फिनलंडकडे पाहून ठरत नाही. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे उत्पादन घटले आणि २००८ ची पातळी पुन्हा गाठायला जवळपास दशक गेले.

अखेर विनिमय दराने जे काम गुपचूप केले असते, ते फिनलंडला हाताने करावे लागले. २०१६ मध्ये युहा सिपिला यांच्या सरकारने मालक आणि कामगार संघटनांबरोबर स्पर्धात्मकतेचा करार केला. त्यानुसार वर्षाचे कामाचे तास २४ ने वाढले आणि त्या वाढीव तासांना वेगळा पगार नव्हता. सरकारी कर्मचाऱ्यांचा सुट्टीचा बोनस तीन वर्षांसाठी ३० टक्क्यांनी कापला गेला. सामाजिक विम्याच्या हप्त्याचा काही भार मालकाकडून कामगाराकडे गेला. हे चोवीस तास मला या सगळ्या वादातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. रुग्णालयातील परिचारिका किंवा शाळेतील शिक्षक परदेशी बाजारात काहीच विकत नाहीत. तरी कागदाचा आणि यंत्रांचा भाव युरोपात उतरावा म्हणून वर्षाकाठी तीन दिवस फुकट काम त्यांच्या वाट्याला आले. फिनलंडमध्ये विश्वासाची परंपरा आहे, संघटना आणि सरकार एका टेबलावर बसू शकतात, म्हणून हे करारातून झाले. जिथे तशी परंपरा नसते, तिथे हेच काम बेरोजगारी करते.

तसे ते ग्रीसमध्ये झाले. ग्रीसबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये द्राख्मा सोडलेल्या या देशाने कर्जे बेफाम काढली आणि तुटीचे आकडे खोटे दिले, हा दोष निर्विवाद त्याचाच. मात्र शिक्षा दोषाच्या प्रमाणात झाली नाही. उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने आटले, २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात बँका तीन आठवडे बंद राहून लोकांना दिवसाला ६० युरोच काढता येत होते. ज्या देशाची स्वतःची मध्यवर्ती बँक स्वतःच्या चलनाच्या नोटा छापू शकते, त्या देशाच्या सरकारला तिजोरीबाबत अनेक वाईट गोष्टी भोगाव्या लागतात, पण दुसऱ्या शहरातील बँकेने हात आखडता घेतल्यामुळे देशातल्या सगळ्या बँकांना टाळे लागण्याची पाळी येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकाच चलनाखाली राहणाऱ्या दोन प्रदेशांपैकी एकावर संकट आले आणि दुसऱ्यावर आले नाही, तर काय होते? रॉबर्ट मंडेल या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये हाच प्रश्न विचारला होता. पीडित प्रदेशातील माणसे उठून दुसरीकडे कामाला जाऊ शकत असतील, किंवा मजुरी व किमती सहज खालीवर होत असतील, तर एक चलन चालते. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली की सामाईक तिजोरीतून पैसा आपोआप पीडित प्रदेशाकडे वाहत असेल तरीही ते चालते. यांतले काहीच नसेल तर सगळा भार बेरोजगारीवर पडतो. मंडेल स्वतः पुढे युरोचे खंदे पुरस्कर्ते झाले, ही गोष्ट युरोचे समर्थक आवर्जून सांगतात. ती खरी आहे; पण मांडणी करणाऱ्याचे मत बदलले म्हणून मांडणीतला प्रश्न मिटत नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न समजायला युरोपात जावे लागत नाही, कारण भारत हाच एक अवाढव्य चलनसंघ आहे. बिहार आणि महाराष्ट्र यांची अर्थव्यवस्था, उत्पन्न, भाषा यांत फिनलंड आणि पोर्तुगालइतके अंतर आहे, आणि तरी दोघांचा रुपया एकच आहे. बिहारला आपला रुपया स्वस्त करता येत नाही. हे चालते, कारण केंद्राची तिजोरी एक आहे. घटनेच्या २८० व्या कलमान्वये नेमला जाणारा वित्त आयोग केंद्रीय करांतील वाटा राज्यांना ठरवून देतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला आणि त्यात बिहारला १०.०५८ टक्के, तर महाराष्ट्राला ६.३१७ टक्के मिळाले. महाराष्ट्रातून केंद्राच्या तिजोरीत जाणारा कर पाहता या आकड्यांवर आपल्याकडे नाराजी व्यक्त होते आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना पाटण्याची बाजारपेठ त्याच रुपयात, कोणत्याही विनिमयाच्या जोखमीविना मिळते, याची ती किंमत आहे. याखेरीज बिहारचा तरुण गाडीत बसून दुसऱ्या दिवशी ठाण्यात कामाला लागू शकतो. हिंदीवर त्याचे निभते. बेकार झालेल्या फिनिश कागद कामगाराला पोर्तुगीज किंवा स्लोव्हाक भाषेत नोकरी शोधता येत नाही.

भाऊ वेगळे झाले की आपल्याकडे ‘चूल वेगळी झाली’ असे म्हणतात. युरोपने याच्या उलट केले: चूल एक मांडली आणि धान्याच्या कणग्या ज्याच्या त्याच्याकडे ठेवल्या. सुगीच्या वर्षांत ही व्यवस्था कोणाला खटकत नाही. एकाच भावाच्या शेतावर दुष्काळ पडतो, तेव्हा बाकीच्यांच्या कणगीतून किती आणि कोणत्या अटीवर काढायचे, याची चर्चा चुलीपाशी सुरू होते आणि ती चालू असताना त्याच्या घरी उपवास घडतो. १९७७ मध्येच मॅकडूगल समितीने युरोपीय समुदायाला बजावले होते की चलनसंघ पेलायचा तर सामाईक अर्थसंकल्प एकूण उत्पन्नाच्या निदान पाच ते सात टक्के हवा. तो आजही एक टक्क्याच्या आसपास आहे.

दुसरा एक जुना अनुभव भारताशीच निगडित आहे. आखाती देशांत दीर्घकाळ भारतीय रुपया चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढत असे. ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. भारताची गरज भारताची होती. तिच्याशी कतार किंवा दुबईच्या व्यापाऱ्याचा काही संबंध नव्हता. पण त्याच्या पेटीतल्या पैशाची किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून अधिक उतरली. कुवेत आणि बहरीन आधीच बाहेर पडले होते. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला. ज्याच्या निर्णयात आपला आवाज नाही, असे चलन वापरण्याचा धोका यातून दिसतो. युरोचे समर्थक म्हणतील की तिथे प्रत्येक देशाला आवाज आहे, आणि ते बरोबर आहे. तथापि २०१५ पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या मंडळात राष्ट्रीय गव्हर्नरांची मते पाळीपाळीने येतात. पाच मोठ्या देशांना मिळून चार मते आणि उरलेल्या सर्वांना मिळून अकरा. एकट्या स्वीडनच्या गरजेपुरता निर्णय तिथे होणार नाही, आणि होऊही नये. कारण ती बँक सर्वांची आहे.

होकाराच्या बाजूचा सर्वांत ताकदवान युक्तिवाद आता पाहू. तो असा की छोट्या देशाचे चलनस्वातंत्र्य हा भास आहे. रिक्सबँक वरकरणी स्वतंत्र असली तरी फ्रँकफर्टपासून, म्हणजे तिथल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेपासून, फार दूर जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिने व्याजदर शून्याखाली नेला, तो मुख्यतः युरोपीय बँकेच्या स्वस्त पैशामुळे क्रोना महागून महागाई उद्दिष्टाखाली राहू नये म्हणून. त्याने स्वीडनमध्ये घरांच्या किमती आणि गृहकर्जे आणखी वाढली. २०२२ नंतर महागाई भडकली तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये रिक्सबँकेचा दर ४ टक्क्यांवर पोचला आणि त्याच महिन्यात युरोपीय बँकेचा ठेवींवरील दरही ४ टक्क्यांवर पोचला. शेवटी आकडा तोच होता तर क्रोनाने काय दिले? उलट जग अस्थिर झाले की गुंतवणूकदार छोट्या चलनातून पळ काढतात. त्या महिन्यात एका युरोसाठी जवळपास बारा क्रोना मोजावे लागत होते आणि आयात केलेली प्रत्येक वस्तू स्वीडिश कुटुंबाला त्या प्रमाणात महाग पडली.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. क्रोना कधी धक्का शोषतो, तर कधी स्वतःच धक्का होऊन येतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०२२ ची महागाई हे सबंध युरोपवर एकाच वेळी आलेले संकट होते. सगळ्यांना एकच आजार असताना सगळ्यांचे औषध एकसारखे निघाले, तर त्यात आश्चर्य नाही. चलनस्वातंत्र्याचे मोल अशा वर्षांत मोजू नये. नळाला पाणी असते तोवर घरच्या विहिरीकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ती बुजवून टाकायची नसते. १९९२ च्या नोव्हेंबरनंतर आणि २००९ मध्ये स्वीडनला ती विहीर उपयोगी पडली. शिवाय दर सारखा असला तरी त्याचा परिणाम सारखा नसतो. स्वीडनमध्ये बहुतेक गृहकर्जांचे व्याज बदलते किंवा अल्प मुदतीचे असते आणि कुटुंबांवर कर्जही जास्त आहे. त्यामुळे रिक्सबँकेने दर वाढवला की काही महिन्यांत घराघरातला हप्ता वाढतो. फ्रान्समध्ये किंवा जर्मनीत हप्ते दीर्घकाळ ठरलेले असतात. फ्रँकफर्टने पॅरिस आणि म्युनिकच्या घरांना जाणवावी म्हणून दिलेली मात्रा स्टॉकहोममध्ये दुप्पट लागेल, असा धोका कायमचा राहील.

सुरक्षेच्या युक्तिवादाबद्दल एवढेच म्हणेन की नाटो आणि युरो यांची तुलना त्याच्याच विरुद्ध जाते. एका सदस्यावर हल्ला हा सर्वांवरील हल्ला, असे नाटोच्या करारात लिहिलेले आहे. युरोच्या मूळ करारात याच्या उलट अट आहे: एका सदस्याचे कर्ज दुसऱ्याने आपल्या शिरावर घेऊ नये. लष्करी आघाडीने जोखीम वाटून घेतली. चलनसंघाने ती ज्याची त्याच्याकडे ठेवली.

याचा अर्थ युरो कोणीच घेऊ नये, असा नाही. बल्गेरियाचा निर्णय मला योग्य वाटतो. १९९७ च्या सुरुवातीला तिथे किमती एका महिन्यात दुपटीहून अधिक वाढत होत्या. लोकांची बचत वाहून गेली. त्या वर्षी १ जुलैपासून त्यांनी लेव हे चलन आधी जर्मन मार्कशी आणि पुढे युरोशी कायद्याने जखडून टाकले. एका युरोला १.९५५८३ लेव, आणि गंगाजळीत तितके परकी चलन असल्याशिवाय नवा लेव निघणार नाही, असा बंदोबस्त केला. म्हणजे जवळपास तीन दशके बल्गेरियाने स्वतःचा व्याजदर ठरवलाच नव्हता. त्याने युरो घेऊन काही गमावले नाही. फ्रँकफर्टच्या टेबलावर एक खुर्ची मात्र मिळवली. डेन्मार्कची गोष्टही याच अंगाने पाहता येईल. त्यांचा क्रोन युरोला ७.४६०३८ या मध्यदराभोवती अरुंद पट्ट्यात बांधलेला आहे. फ्रँकफर्ट दर हलवते आणि कोपनहेगन त्यामागे जाते. २००० च्या सार्वमतात डॅनिश जनतेने युरो नाकारला, त्या निकालाचा आदर राखूनही असे म्हणता येते की चलनस्वातंत्र्य न वापरता ते जवळ बाळगणे हा त्यांचा निर्णय आहे आणि ते सोडल्याने त्यांचे फार बिघडणार नाही. स्वीडन या दोघांहून वेगळा आहे, कारण त्याच्याजवळ जे आहे ते तो खरोखर वापरतो आणि तीस वर्षे जबाबदारीने वापरत आला आहे.

माझे मत कशाने बदलेल, हेही सांगायला हवे. जुलै २०२० मध्ये महामारीच्या काळात युरोपीय संघाने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र कर्ज काढायचे ठरवले. ७५० अब्ज युरोंच्या त्या निधीतील ३९० अब्ज हे परत न मागायचे अनुदान होते आणि इटली व स्पेनसारख्या अडचणीतल्या देशांना त्याचा मोठा वाटा मिळाला. कणग्या एकत्र करण्याच्या दिशेने पडलेले ते पहिले खरे पाऊल होते, आणि स्वीडनने नेदरलँड्स, ऑस्ट्रिया व डेन्मार्क यांच्यासह अनुदानांना विरोध केला होता, हेही विसरता येत नाही. स्वीडिश सरकारांनी आपल्या जनतेला ही जोडी स्पष्ट सांगितली पाहिजे: ज्यांना युरो हवा त्यांना सामाईक तिजोरीही पत्करावी लागेल आणि श्रीमंत सदस्य म्हणून तिच्यात वर्षानुवर्षे भरही घालावी लागेल, जशी महाराष्ट्राला घालावी लागते. तो निधी एकदाचाच आहे असे करारात म्हटले आहे. त्याची परतफेड २०२८ मध्ये सुरू होऊन २०५८ पर्यंत चालेल. तिच्यासाठी संघ स्वतःचे कर उभारतो, की ती पुन्हा प्रत्येक देशाच्या वर्गणीवर वाटून टाकतो, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. संघाच्या हाती स्वतःचा कर आला आणि पुढील संकटात तो आपोआप पीडित प्रदेशाकडे वळू लागला, तर २००३ चा प्रश्न स्वीडिश मतदारांपुढे पुन्हा ठेवायला हरकत नाही. तोपर्यंत रिक्सबँकेने आपला दर स्टॉकहोममध्येच ठरवावा.